जुन्या कागदी नोटा : पारख, दर्जा आणि पहिली खरेदी

जुनी नोट विकत घेताना आपण दोन गोष्टींची किंमत मोजत असतो : ती नोट कोणती आहे आणि ती कोणत्या अवस्थेत आपल्यापर्यंत पोहोचली आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सूचिग्रंथात सापडते. दुसऱ्याचे उत्तर नोटेच्या कागदावरच असते आणि ते वाचता येईपर्यंत संग्राहकाला विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून राहावे लागते. एकाच वर्षाच्या, एकाच सहीच्या दोन नोटांपैकी एक कोरी करकरीत आणि दुसरी असंख्य हातांतून गेलेली असेल, तर त्यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक पडतो. म्हणूनच या लेखात पारखीला खरेदीच्या आधी स्थान दिले आहे, आणि नवोदितानेही हाच क्रम पाळावा असे मला मनापासून वाटते.

आधी क्षेत्र ठरवावे

सगळ्या देशांच्या, सगळ्या काळांतल्या नोटा जमवू पाहणाऱ्याला कोणत्याच नोटेची नीट ओळख होत नाही. एक देश, एक राजवट, एक मूल्य, युद्धकाळातले चलन किंवा एकाच छापखान्याचे काम असे मर्यादित क्षेत्र निवडले, की त्यातल्या नोटांच्या रंगछटा, सह्या आणि कागदाचा पोत हळूहळू परिचयाचे होतात. पुढे एखादी संशयास्पद नोट समोर आली, तर हा परिचयच सर्वांत आधी सावध करतो.

क्षेत्र निवडताना जुनेपणा म्हणजे दुर्मीळता नव्हे, हे पक्के लक्षात ठेवावे. जर्मनीची 1908 सालची 100 मार्कची नोट शंभर वर्षांहून जुनी असूनही सहज आणि स्वस्तात मिळते, कारण ती प्रचंड संख्येने छापली गेली होती आणि 1923 च्या महाचलनवाढीत कवडीमोल ठरल्यावर लोकांच्या घरांत तशीच पडून राहिली. याउलट एखादी अलीकडची नोट एकाच अधिकाऱ्याच्या सहीने थोड्या काळापुरती निघालेली असेल, तर ती शोधूनही सापडत नाही. युरोपातल्या पहिल्या बँकनोटा 1661 साली स्टॉकहोममध्ये निघाल्या आणि चीनमध्ये कागदी चलन त्याच्याही कित्येक शतके आधीपासून होते, परंतु त्या नोटांचे आकर्षण नवोदिताने वाचनापुरतेच ठेवलेले बरे. सुरुवातीला मी सुचवेन ते जर्मनीतले ‘नोटगेल्ड’, म्हणजे 1914 पासून 1923 पर्यंत तिथल्या शहरांनी, गावांनी आणि कारखान्यांनी काढलेले तात्पुरते चलन. त्यात विविधता अफाट आहे, पुष्कळशा नोटा न वापरलेल्या अवस्थेत मिळतात आणि त्या फारशा महाग नसल्यामुळे हात व नजर तयार करायला उत्तम आहेत.

नोटेची ओळख पटवणे

जगभरच्या नोटांसाठी आल्बर्ट पिक यांच्या सूचीतले क्रमांक रूढ झाले आहेत. विक्रेते वर्णनात ‘पी’ या अक्षरापुढे जो आकडा देतात तो हाच. प्रत्येक देशाचे क्रमांक स्वतंत्रपणे सुरू होतात, त्यामुळे देशाच्या नावाशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही. आकड्यानंतर येणारे लहान अक्षर सही, तारीख, जलचिन्ह किंवा शिक्क्याचा रंग यांतला भेद दाखवते. पुष्कळदा किमतीचा सगळा फरक त्या लहान अक्षरावर असतो, म्हणून ‘याच मालिकेतली नोट आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. सूचीतल्या छायाचित्राशेजारी नोट ठेवून सही, अनुक्रमांकाची आद्याक्षरे, छापखान्याचे नाव, जलचिन्ह आणि मापे एकेक करून जुळवून पाहावीत.

नोटेवरची तारीख छपाईचीच असेल असे नाही. 21 एप्रिल 1910 ही तारीख असलेली जर्मनीची 1000 मार्कची नोट तीच तारीख कायम ठेवून पहिल्या महायुद्धानंतरही छापली जात होती. लाल शिक्क्यांच्या नोटा आधीच्या आणि हिरव्या शिक्क्यांच्या नंतरच्या आहेत. तारीख पाहून ‘युद्धापूर्वीची’ म्हणून हिरव्या शिक्क्यांची नोट विकत घेणाऱ्याची फसगत ठरलेली आहे.

छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी घातलेल्या बदली नोटांची खूण देशोदेशी वेगळी असते. अमेरिकेच्या नोटांवर अनुक्रमांकाजवळ तारा असतो, इतरत्र खास आद्याक्षरे वापरली जातात. बँकांना ओळखीसाठी पाठवलेल्या नमुना नोटांवर तसा शिक्का किंवा छिद्रांनी कोरलेली अक्षरे असतात. सगळे अंक एकसारखे असलेल्या किंवा उलटसुलट वाचले तरी तेच येणाऱ्या अनुक्रमांकांसाठी काही जण मोठी रक्कम मोजतात. माझ्या मते नवोदिताने त्या मोहात पडू नये, कारण तिथे किंमत हौशीवर ठरते आणि हौस बदलते.

साहित्य थोडेच लागते

दहापट मोठे दाखवणारे भिंग, हलवता येईल असा एक दिवा, अतिनील प्रकाशाची छोटी विजेरी आणि मिलिमीटरची स्पष्ट पट्टी एवढे पुरे. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. सुती हातमोजे घातले की बोटांची जाण कमी होते आणि कागद फाटण्याचा धोका वाढतो, त्यामुळे स्वच्छ हातच अधिक सुरक्षित.

नोट कशी तपासावी

शक्य असेल तेव्हा, आणि मालकाच्या परवानगीने, नोट पाकिटातून बाहेर काढून पाहावी. प्लॅस्टिकच्या चकाकीखाली हलकी घडी सहज लपते. नोट दोन विरुद्ध कडांना अलगद धरावी आणि प्रथम दोन्ही बाजू साध्या प्रकाशात शांतपणे पाहाव्यात : रंग सगळीकडे सारखा आहे का, समास चारही बाजूंना कसे आहेत, कोपरे टोकदार आहेत की गोलसर, डाग कुठे आहेत, कोणी काही लिहिले आहे का. मागची बाजू पाहायला विसरू नये. विक्रेते पुढची बाजू दाखवतात, आणि हस्ताक्षर, गोंदाचे अवशेष व गंजाचे ठसे बहुधा मागेच असतात.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच सर्वाधिक वेळा गाळली जाते. खोलीतला प्रकाश कमी करून दिवा नोटेच्या पातळीला आणावा, म्हणजे किरण कागदावरून घासत जातील, आणि नोट हळूहळू चारही दिशांना फिरवावी. सरळ प्रकाशात निर्दोष वाटणाऱ्या नोटेवर मध्यभागी उभी गेलेली घडी, रोखपालाने गड्डी मोजताना कोपऱ्यावर पडलेला वाक, अंगठ्याने दाबल्याची चुणी आणि इस्त्री करून सपाट केलेल्या जुन्या घड्यांच्या रेषा या तिरप्या प्रकाशात उठून दिसतात. घडी दिसली की भिंगाने पाहून ठरवावे की कागद नुसता वाकला आहे, की त्याचा पृष्ठभाग मोडून शाई तुटली आहे. पहिली हलकी घडी आणि दुसरी पक्की घडी. दर्जा ठरवताना या दोहोंत मोठा फरक केला जातो.

मग नोट दिव्यासमोर धरावी. पिनांची छिद्रे, घड्यांच्या छेदावर पडलेले भोक, पातळ झालेला कागद, चिकटवलेली चीर आणि मागून लावलेला पारदर्शक कागद हे सगळे आरपार प्रकाशात उघड होते. जलचिन्हही याच वेळी पाहावे. खरे जलचिन्ह कागद तयार होतानाच त्याच्या जाडीत घडवलेले असते, त्यामुळे त्यात फिकट आणि गडद छटा एकमेकींत मिसळत जातात. वरून छापलेल्या बनावट जलचिन्हाची रेषा सपाट असते आणि अनेकदा आरपार न धरताही दिसते.

अतिनील प्रकाशात पाहण्याचे कारण कागदाच्या इतिहासात आहे. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात मिसळली जाणारी उजाळक रसायने साधारण 1950 नंतर सर्रास वापरात आली आणि अतिनील प्रकाशात ती निळसर पांढरी चमकतात. त्याआधीच्या सुती लगद्याच्या नोटेचा कागद मंद, निस्तेज दिसायला हवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची म्हणून सांगितलेली नोट या प्रकाशात लख्ख उजळली, तर ती नंतरची नक्कल असावी किंवा आधुनिक धुण्याच्या पावडरीत बुडवून निघाली असावी. नोटेच्या एखाद्याच भागाला चमक असेल, तर तिथे दुरुस्ती झालेली असण्याची शक्यता मोठी.

शेवटी मापे घ्यावीत. फाटक्या, झिजलेल्या कडा कापून नोट नवीसारखी दाखवण्याची युक्ती जुनी आहे, आणि सूचीतल्या मापापेक्षा नोट दोनतीन मिलिमीटरनी आखूड भरली तर ती उघडकीस येते. मात्र हाताने कापलेल्या जुन्या नोटांत मुळातच थोडा फरक असतो. त्यामुळे मापाबरोबर कडेचे स्वरूपही पाहावे : सगळी नोट मळकट आणि कडा मात्र ताज्या, पांढऱ्या, धारदार, हे एकत्र नैसर्गिकपणे घडत नाही.

दर्जाच्या पायऱ्या

1961 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बँक नोट सोसायटीने दर्जाच्या ज्या व्याख्या केल्या, त्यांनाच जगभरचे संग्राहक आधार मानतात. सर्वांत वर ‘अनसर्क्युलेटेड’. या नोटेला घडी नाही, चुणी नाही, डाग नाही. कागद ताठ आणि कोपरे टोकदार असतात. एखादी घडी ‘अगदीच बारीक’ असली, तरी तिच्यासह नोट या वर्गात बसत नाही. त्याखालच्या ‘अबाउट अनसर्क्युलेटेड’ या वर्गात मोजणीमुळे कोपऱ्यावर आलेला वाक किंवा मध्यावरची एक हलकी घडी चालते, पण दोन्ही एकत्र चालत नाहीत आणि पक्की घडी तर मुळीच नाही. ‘एक्स्ट्रीमली फाईन’ नोटेवर फार तर तीन हलक्या घड्या किंवा एक पक्की घडी असते, कागदाची मूळ झळाळी टिकलेली असते आणि कोपरे अगदी किंचित मऊ झालेले असू शकतात.

‘व्हेरी फाईन’ हा वर्ग मला नवोदितासाठी सर्वांत उपयुक्त वाटतो. इथे उभ्या आणि आडव्या बऱ्याच घड्या असतात, थोडा मळ असतो, कडा व कोपरे झिजू लागलेले असतात, तरी कागदात अजून करकरीतपणा असतो आणि चिरा नक्षीच्या चौकटीपर्यंत गेलेल्या नसतात. अशी नोट व्यवहारात फिरल्याच्या खुणा प्रामाणिकपणे दाखवते, नक्षी पूर्ण वाचू देते आणि वरच्या वर्गांच्या तुलनेत बरीच स्वस्त पडते. ‘फाईन’ वर्गात कागद मऊ पडलेला असतो, घड्यांचे जाळे असते, समासात बारीक चिरा असतात आणि एखाददुसरे पिनेचे छिद्र असते, परंतु घड्यांच्या छेदावर भोक नसते. ते भोक दिसले, चिरा नक्षीत शिरल्या, कागद लुळा पडला, पण तुकडा कुठेही गेलेला नाही, अशी नोट ‘व्हेरी गुड’. त्याखाली ‘गुड’, ‘फेअर’ आणि ‘पुअर’ येतात, ज्यांत तुकडे गेलेले, चिकटपट्टी लावलेली, लिहून खराब केलेली अशी नोट मोडते. या नावांतल्या ‘गुड’ शब्दाला भुलू नये. व्यवहारात ती खालून तिसरी पायरी आहे आणि इतर कोठेही न मिळणारी नोट असेल तरच ती घ्यावी.

वयासाठी दर्जात सवलत नसते. ‘दीडशे वर्षांच्या मानाने उत्तम’ हे वर्णन ऐकायला कितीही चांगले वाटले, तरी त्यातून दर्जा कळत नाही. दर्जा लावताना सगळ्या चांगल्या बाजूंची सरासरी काढू नये, सर्वांत गंभीर दोषापासून सुरुवात करावी. छिद्र, चीर, डाग, लेखन आणि शिक्के यांची नोंद दर्जाबरोबर वेगळी करावी, म्हणजे ‘व्हेरी फाईन, वरच्या डाव्या समासात दोन पिनांची छिद्रे’ असे वर्णन तयार होते. ज्या मालिकांच्या गड्ड्या बँकांतच पिनांनी टाचल्या जात, त्यांच्या अन्यथा कोऱ्या नोटेतली छिद्रे जाणकार समजून घेतात, पण ती आहेत हे सांगितलेच पाहिजे.

आकड्यांची जी पद्धत आता दिसते, ती 1949 साली नाण्यांसाठी मांडलेल्या 1 ते 70 च्या मोजपट्टीवरून आली आहे. 60 पासून पुढचे आकडे कोऱ्या नोटांचे, 50 ते 58 त्याखालच्या वर्गाचे, 40 आणि 45 एक्स्ट्रीमली फाईनचे, 20 ते 35 व्हेरी फाईनचे, 12 व 15 फाईनचे. कोऱ्या नोटांमध्ये 60 आणि 66 यांतला फरक मुख्यतः समासांचा समतोल, हाताळणीच्या सूक्ष्म खुणा आणि रंगांचा टवटवीतपणा यांचा असतो. तो फरक नजरेला पटत नाही तोवर त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत.

सुधारलेल्या आणि बनावट नोटा

धुतलेली, दाबून सपाट केलेली, कडा कापलेली किंवा भोके लगद्याने बुजवलेली नोट बनावट नसते, पण तिची मूळ अवस्था हरवलेली असते आणि संग्राहक तिला कमी किंमत देतात. ताम्रपट्टीवर कोरून छापलेल्या नोटेची शाई कागदावर उठून राहते आणि कोऱ्या नोटेवर बोट हलकेच फिरवले तर ती खरखर जाणवते. धुऊन दाबलेल्या नोटेत हा उठाव बसतो, कागद गुळगुळीत आणि निर्जीव लागतो, शाई फिकटते, आणि घड्यांच्या खुणा असूनही नोट अनैसर्गिकपणे स्वच्छ दिसते. नवोदिताने स्वतः कोणतीही नोट कधीही धुऊ नये, इस्त्री करू नये, खोडरबराने पुसू नये. मळलेली नोट मळलेलीच ठेवली तर तिचे मूल्य टिकते. साफ केलेल्या नोटेची मूळ अवस्था परत आणता येत नाही.

बनावट नोटांचे दोन प्रकार आहेत. त्या काळी व्यवहारात फसवण्यासाठी छापलेल्या नोटांचा इतिहास स्वतंत्र आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीने साक्सेनहाउझेनच्या छळछावणीतल्या कैद्यांकडून ब्रिटिश पौंडांच्या ज्या नकला करवून घेतल्या, त्यांचेही आज संग्राहक आहेत. संग्राहकाला धोका आहे तो दुसऱ्या प्रकारापासून, म्हणजे त्याच्यासाठीच तयार केलेल्या नकलांपासून. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातील दक्षिणेकडच्या राज्यांच्या नोटांच्या आठवणवस्तू म्हणून छापलेल्या नकला याचे चांगले उदाहरण आहेत : कागद मुद्दाम पिवळसर तपकिरी आणि कडकडीत केलेला, आणि सह्या छापलेल्या, तर बहुतेक खऱ्या नोटांवर त्या शाईने हाताने केलेल्या असत. भिंगाखाली नक्षी रंगांच्या ठिपक्यांनी बनलेली दिसली, तर ती आधुनिक छपाई आहे. कोरीव छपाईतली रेषा सलग असते. खोट्या नोटा जवळ बाळगण्याबाबत, तसेच जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्याबाबत प्रत्येक देशाचे कायदे वेगळे आहेत आणि खरेदीपूर्वी ते पाहून घेणे आवश्यक आहे.

खरेदी

पहिल्या काही नोटा समोरासमोर, जाणकार विक्रेत्याकडून, पावतीसह घ्याव्यात. पावतीवर सूचिक्रमांक, दर्जा आणि दोष लिहून मागावेत आणि नोट बनावट निघाल्यास ती मुदतीची अट न घालता परत घेतली जाईल का, हे स्पष्ट विचारावे. या प्रश्नाने चांगला विक्रेता दुखावत नाही. संकेतस्थळावरून घेताना दोन्ही बाजूंची मोठी छायाचित्रे, शिवाय तिरप्या प्रकाशातले आणि दिव्यासमोर धरलेले एकेक छायाचित्र मागावे. स्कॅनरमध्ये नोट दाबली जाते आणि घड्या नाहीशा होतात, त्यामुळे केवळ स्कॅन पाहून ‘अनसर्क्युलेटेड’ नोट घेणे मी टाळण्याचा सल्ला देईन.

किंमत ठरवताना मागितलेली रक्कम आणि प्रत्यक्ष विकली गेलेली रक्कम यांत भेद करावा. सूचिग्रंथातले आकडे छपाईपर्यंत जुने झालेले असतात आणि सहसा विक्रेत्याच्या विक्रीदराकडे झुकलेले असतात. तीच नोट आपण विकायला गेलो तर तेवढे मिळत नाही. लिलावगृहांचे पूर्वीचे निकाल त्यांच्या संकेतस्थळांवर पाहता येतात आणि त्याच क्रमांकाच्या, त्याच दर्जाच्या चारपाच निकालांवरून बाजाराचा खरा अंदाज येतो. लिलावात बोली लावताना खरेदीदाराकडून घेतले जाणारे लिलावगृहाचे शुल्क, कर आणि टपालखर्च मिळवून कमाल आकडा आधीच कागदावर लिहावा आणि बोलीच्या भरात तो ओलांडू नये.

दर्जा ठरवून नोट कडक पाकिटात बंद करून देणाऱ्या स्वतंत्र संस्था आहेत. पेपर मनी गॅरंटी, म्हणजे पीएमजी, ही त्यांतली 2005 पासून काम करणारी एक. तिच्या लेबलावरची ‘ईपीक्यू’ ही अक्षरे कागद मूळ अवस्थेत असल्याचे सांगतात, तर ‘नेट’ हा शब्द दुरुस्ती किंवा मोठा दोष सुचवतो. लेबलावर याशिवाय बारीक अक्षरांत शेरे असतात, तेही वाचावेत. बनावट पाकिटेही बाजारात येतात, म्हणून प्रमाणपत्राचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तिथले छायाचित्र समोरच्या नोटेशी अनुक्रमांकासकट जुळवावे. महाग नोटेसाठी अशी तपासणी असणे चांगलेच; स्वस्त नोटेसाठी मात्र तपासणीचा खर्च नोटेच्या किमतीपेक्षा जास्त होतो. आणि पाकिटात बंद असली तरी नोट स्वतः पाहावी, कारण एकाच आकड्याच्या दोन नोटांपैकी एक दुसरीपेक्षा स्पष्टपणे सुंदर असू शकते.

जपणूक आणि नोंद

घरी आणल्यावर नोट पॉलिएस्टरच्या, म्हणजे मायलारच्या पाकिटात सपाट ठेवावी. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून कालांतराने आम्लधर्मी आणि तेलकट द्रव्ये सुटतात आणि कागदाला चिकटतात. रबरबँड, यू-पिन, चिकटपट्टी आणि लॅमिनेशन यांना नोटेजवळ स्थान नाही. ऊन आणि दमट हवा यांपासून दूर, सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिर राहील अशी जागा निवडावी; ओलाव्याने कागदावर तपकिरी ठिपके येतात आणि ते परत जात नाहीत.

प्रत्येक नोटेसाठी वहीत किंवा संगणकावर सूचिक्रमांक, अनुक्रमांक, मापे, स्वतः लावलेला दर्जा, विक्रेत्याने सांगितलेला दर्जा, दोष, किंमत, तारीख आणि पावतीची प्रत यांची नोंद ठेवावी, आणि दोन्ही बाजूंचे छायाचित्र जोडावे. स्वतःचा दर्जा विक्रेत्याचे वर्णन वाचण्याआधी लिहावा. दोघांत तफावत पडेल तिथे नोट पुन्हा तिरप्या प्रकाशात धरावी आणि फरक कोणत्या घडीमुळे किंवा कोणत्या कोपऱ्यामुळे पडला, ते शोधून त्याच नोंदीत लिहून ठेवावे.